'रेस्क्यू' म्हणून मिळणारं पिल्लू घेण्याआधी काय काय विचारावं? (नागपूर)

निशिगंध | ९ फेब्रुवारी, रात्री १०:१२

नमस्कार. इथे मी वाचनमात्र असते, पहिल्यांदाच धागा काढतेय. थोडं मोठं होईल, सांभाळून घ्या.

आम्ही प्रताप नगरला राहतो. मी, नवरा, सासूबाई आणि दहा वर्षांचा मुलगा. गेल्या श्रावणात मुलाच्या हट्टापायी लॅब्रेडोरचं पिल्लू घेतलं. ओळखीतल्या एकाने नंबर दिला होता. फोनवर 'हेवी बोन, शो क्वालिटी, पंचेचाळीस दिवस पूर्ण' असं सगळं ऐकवलं, बारा हजार ठरले. घरी येऊन बघतो म्हटलं तर म्हणाला, 'ताई, तुम्ही कशाला त्रास घेता, मीच आणून देतो.' वर्धा रोडवर एका पेट्रोल पंपाजवळ बोलावलं. स्कूटरवर पायाशी सफरचंदांचा खोका, आत वर्तमानपत्रावर तीन पिल्लं. त्यातलं एक काढून माझ्या हातात दिलं. ते इतकं गप्प होतं की मला वाटलं शहाणं आहे. पोट तेवढं टमटमीत फुगलेलं. लसीचं पुस्तक दिलं, त्यात शिक्का, तारीख, सही होती. स्टिकर नव्हता, पण तो असायला हवा हे तेव्हा कुठे माहीत होतं.

बुंदी नाव ठेवलं. चौथ्या दिवशी खाणं सोडलं, पाचव्या दिवशी उलट्या, मग रक्ताची शी. डॉक्टरांनी पाहताक्षणीच पार्वो (पिल्लांना होणारा आतड्यांचा विषाणूजन्य आजार) म्हणून सांगितलं, टेस्टही तीच आली. चार दिवस रोज सलाइन लावलं. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी गेली. मुलाने आपला लाकडी नंदी आदल्या रात्रीच झूल-बेगड लावून सजवून ठेवला होता. तो त्याने तिच्याबरोबर पुरायला दिला.

त्या माणसाला फोन केला तर म्हणाला, लागण तुमच्या घरी आल्यावर झाली. वर म्हणाला, दुसरं घेत असाल तर हजार कमी करतो.

आता मुलगा परत तयार झालाय. त्याची अट एकच, विकत नाही आणायचं, रेस्क्यूच आणायचं. मलाही तेच हवंय. परवा व्हॉट्सॲपवर मेसेज आला: 'रेस्क्यू केलेली लॅब क्रॉस पिल्लं, सात आहेत, फक्त दत्तक, विक्री नाही. लस-औषधाचा खर्च प्रत्येकी ४५०० घेणार.' फोटो फार गोड आहेत. फोन केला तर सूर तोच: 'तुम्ही नका येऊ, मी आणून देतो.' ऐकून पोटात गोळाच आला. नवरा म्हणतो, माणूस पुण्याचं काम करतोय, त्याला खोदून खोदून विचारणं बरं दिसत नाही. तुम्ही सांगा, काय विचारावं आणि काय तपासावं?

बुटीबोरी_अपडाऊन | ९ फेब्रुवारी, रात्री १०:४८

ताई, वाचून लय जीव तुटला. त्या पोराचा नंदी डोळ्यासमोरून जात नाही.

मी कुत्र्यायच्या बाबतीत काही शिकलेला माणूस नाही, पण आमच्या घरी ढोरं होती. वासरू घ्याले गेलो का आमचा बुढा वासराकडे पाहेच ना. आधी गाय पाहे. तिची थनं पाहे, चाल पाहे, डोळ्यात चिपडं हायेत का पाहे, ज्या कोठ्यात बांधली तो कोठा पाहे. मंगच वासराले हात लावे. म्हणे, माय सांगते पोराचं.

तुमीबी तेच करा. 'याची माय कुठं हाय, तिले पाहाले मी येतो,' येवढंच म्हणा. जो माणूस माय दाखवत नाही त्याच्यापाशी काही तरी दाखवण्यासारखं नाही. रस्त्यावर बिनमायची सापडली म्हणे तर कोण्या गल्लीत, कोण्या दिवशी, कोणी उचलली, तेवढं तर सांगन का नाही?

आन् विचारणं बरं दिसत नाही, हे मनातून काढून टाका. तुमच्या पोराले परत तो दिवस पाहाले लागू नये, त्याच्यापेक्षा मोठं काही नाही.

मावशी_झिंगाबाई_टाकळी | ९ फेब्रुवारी, रात्री ११:०५

अनुमोदन. वाचतेय. आमच्याकडेही पिल्लू आणायचं घाटतंय.

जनावरांचा_डॉक्टर | १० फेब्रुवारी, सकाळी ६:३०

निशिगंधताई, तुम्ही लिहिलंय त्यातच सगळं आहे. पिल्लू गप्प, पोट फुगलेलं, पुस्तकात स्टिकर नाही आणि चौथ्या-पाचव्या दिवशी लक्षणं. पार्वोचा विषाणू पोटात गेल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात, कधी थोडे जास्त. म्हणजे पेट्रोल पंपावर तुमच्या हातात आली तेव्हा ती बहुतेक लागण घेऊनच आली होती. ते टमटमीत पोट जंतांचं असावं. घरात कोणाचंच काही चुकलेलं नाही. मुलालाही हे समजावून सांगा, मुलं अशी गोष्ट मनात धरून बसतात.

नव्या पिल्लाआधी घराचं बघा. पार्वो फरशीच्या फटीत, पायपुसण्यात, कुंडीतल्या मातीत महिनोन्‌महिने टिकतो, वर्षभरही. तुमच्याकडे अजून सहाच महिने झालेत. नेहमीच्या फिनाइलवर भरवसा ठेवू नका. आधी साबणाने घासून धुवा, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असं करून जमीन दहा मिनिटं ओली राहू द्या. बुंदीचं अंथरूण, वाटी, पट्टा आठवण म्हणून ठेवला असेल तर काढून टाका. हे सांगताना मलाही जड जातं, पण काढा. मातीचं काही करता येत नाही, म्हणून लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लू अंगणात सोडायचं नाही. आणि तुमच्या घरासाठी माझा सल्ला, निदान दोन लसी झालेलंच पिल्लू आणा.

लसींचं गणित असं. पहिली सहा ते आठ आठवड्यांची झाल्यावर, पुढे दर तीन-चार आठवड्यांनी, शेवटची सोळा आठवड्यांच्या सुमारास. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती लसीच्या आड येते आणि ती कोणत्या पिल्लात कधी संपेल हे बाहेरून कळत नाही, म्हणून एका सुईवर भागत नाही. 'एक लस झाली, आता काळजी नाही' म्हणणारा एकतर अडाणी असतो नाहीतर खोटं बोलत असतो. रेबीजची लस बारा आठवड्यांनंतर. पुस्तकात प्रत्येक लसीच्या बाटलीवरचा स्टिकर हवा, त्यावर बॅच नंबर आणि मुदत, शेजारी डॉक्टरची सही आणि नोंदणी क्रमांक. तो दवाखाना खरंच आहे का, फोन करून विचारा. आम्हाला असे फोन आले तर राग येत नाही, उलट बरं वाटतं.

वय तोंडावर विश्वास ठेवून मानू नका, ओठ वर करून दात बघा. सुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतात, पुढचे दात सहाव्यापर्यंत, आणि आठ आठवड्यांत दुधाचे २८ दात पूर्ण होतात. 'दोन महिन्यांचं' म्हणून दिलेल्या पिल्लाच्या मागच्या दाढा अजून हिरडीत असतील तर वय वाढवून सांगितलंय. पिल्लू आई-भावंडांपासून लवकर तोडलं की नुसतं दूध तुटत नाही. खेळताना जोरात चावलं की भाऊ किंचाळतो आणि खेळ थांबतो, यातून पिल्लू जबडा आवरायला शिकतं. ते शिक्षण तुम्ही-आम्ही कितीही जीव लावला तरी तितकं चांगलं देऊ शकत नाही.

पिल्लू हातात घेतलं की नाक, डोळे, हिरड्या, गुदद्वाराची जागा, कानांच्या आत गोचीड, एवढं बघाच. पण त्याहून जास्त ते जिथे राहतं ती जागा बघा. एक पिल्लू खेळतंय आणि कोपऱ्यात दुसरं खोकतंय, तर दोन्ही आजारी समजायची. ओळखीचा डॉक्टर नसेल तर सेमिनरी हिल्सला व्हेटरनरी कॉलेजचा दवाखाना आहे, १९५८ पासूनचं कॉलेज आहे ते. पिल्लू थेट घरी न नेता आधी तपासून घ्या.

तात्पुरतं_घर | १० फेब्रुवारी, दुपारी १:२०

मी मानेवाड्याला राहते आणि गेली नऊ वर्षं पिल्लं फॉस्टर करते, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळते. कुठल्याही संस्थेतर्फे लिहीत नाहीये.

पैसे मागितले म्हणून माणूस खोटा, असं नसतं. लस, जंताचं औषध, गोचीडताप झाला तर रक्ततपासणी, या सगळ्याला खर्च येतो आणि आम्हीही कधी कधी तो मागतो. पण मागतो तेव्हा दवाखान्याची बिलं हातात देतो. सात गुणिले साडेचार हजार म्हणजे साडेएकतीस हजार होतात. कशाचे, ते विचारा. बिल दाखवलं तर आनंदाने द्या.

खरा रेस्क्यू करणारा तुम्हाला सहजासहजी पिल्लू देत नाही. तोच तुम्हाला विचारून विचारून भंडावतो. घर भाड्याचं आहे का, घरमालकाला चालतं का, दिवसभर घरी कोण, मे महिन्यात लग्नाला गेलात तर कुत्रं कुठे, सासूबाईंना मान्य आहे का. मी तर सासूबाईंशी वेगळं बोलते, कारण दुपारची शी-शू शेवटी त्यांच्याच गळ्यात पडते. मग फॉर्म, घरी एक भेट, सहा महिन्यांनी नसबंदी करण्याची लेखी कबुली, आणि जमलं नाही तर पिल्लू दुसऱ्या कोणाला न देता परत मलाच, ही अट. 'उद्याच आणून देतो' हे वाक्य मी नऊ वर्षांत कोणाला म्हटलेलं नाही.

फोटो गूगल लेन्सवर टाकून बघा. व्हिडिओ कॉल करा आणि आत्ताच्या आत्ता सातही पिल्लं एकत्र दाखवा म्हणा.

आता माझी चूक लिहिते, कारण चांगल्या मनाचे लोकही गफलत करतात. सुरुवातीच्या दिवसांत उचलून आणलेलं नवं पिल्लू मी त्याच संध्याकाळी आधीच्या दोघांबरोबर ठेवलं. दिसायला ठणठणीत होतं. त्याला डिस्टेंपर होता, हा कुत्र्यांचा संसर्गजन्य आजार मेंदूपर्यंत जातो. आधीच्या दोघांतलं एक तोवर बेसाला एका कुटुंबाकडे गेलंही होतं. तीन आठवड्यांनी त्या बाईंचा फोन आला, म्हणाल्या, 'ताई, ही झोपेतसुद्धा च्युइंगम चघळल्यासारखं तोंड हलवतेय.' ते झटके होते. मी अजून त्या बाईंच्या डोळ्याला डोळा देऊ शकत नाही. तेव्हापासून नवं पिल्लू चौदा दिवस वेगळ्या खोलीत, वेगळी वाटी, वेगळी चप्पल. म्हणून तुम्ही ज्याच्याकडे जाल त्याला नक्की विचारा: नवं आलेलं पिल्लू तुम्ही किती दिवस आणि कुठे वेगळं ठेवता? उत्तर द्यायला तो अडखळला तर पिल्लू कितीही गोड असो, परत या.

काळा_कोट | १० फेब्रुवारी, रात्री ८:५५

कायद्याचं थोडं. २०१७ साली केंद्राने श्वानांच्या प्रजनन आणि विक्रीसाठी नियम काढले. त्यांत ब्रीडरला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची आहे. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. विक्रीआधी मायक्रोचिप आणि लस हवी. मादी दीड वर्षाची होईपर्यंत आणि आठ वर्षांनंतर तिची वेतं घ्यायची नाहीत, वर्षात एकाहून जास्त वेत नाही, आयुष्यात पाचाहून जास्त नाहीत.

निशिगंधताईंच्या पिल्लाचे पंचेचाळीस दिवस म्हणजे साडेसहा आठवडे. पुस्तक खरं धरलं तरी तो व्यवहार नियमाबाहेरचा होता. नोंदणी क्रमांक विचारला असता तर बहुधा त्याने तिथेच फोन ठेवला असता. म्हणून तो पहिला प्रश्न करा.

अंमलबजावणी कमी आहे हे खरं. मूळ कायदा १९६० चा, क्रूरतेच्या कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. बारा हजारांचं पिल्लू विकणाऱ्याला पन्नास रुपयांचं काय भय. तरीही लेखी तक्रार करून ठेवा, एकाच नंबरवर पाच तक्रारी जमल्या की हालचाल होते. पैसे यूपीआयने दिले असतील तर ते स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲपचं संभाषण, दवाखान्याची बिलं जपून ठेवा. ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे.

नागपूरकरांना आठवत असेल, २०२२ च्या ऑक्टोबरात इथल्याच खंडपीठाने म्हटलं होतं की भटक्या कुत्र्यांना खाऊ घालायचं असेल तर त्यांना रीतसर दत्तक घ्या आणि घरी न्या. सर्वोच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात त्याला स्थगिती दिली. मला ती स्थगिती योग्य वाटली. सक्तीने गळ्यात पडलेलं दत्तक कुत्रं पुन्हा रस्त्यावरच येतं.

रेशीमबाग_७ | १० फेब्रुवारी, रात्री ११:४०

हे मी कुठेच लिहिलेलं नाही. आज लिहितो.

मी धंदेवाईक नाही, पण मीही एकदा वेत घेतलंय. जर्मन शेफर्ड होती, अकरा महिन्यांची. दुसरी हीट आली, म्हणजे दुसऱ्यांदा माजावर आली आणि ओळखीच्या एकाने सुचवलं, एकदा तरी आई होऊ दे तिला, तब्येतीला चांगलं असतं. ते धादांत चुकीचं आहे, पण मी विश्वास ठेवला. स्टडवाल्याने, म्हणजे नराच्या मालकाने, पैसे नकोत म्हटलं, पिल्लांतून एक निवडून घेऊ द्या म्हणाला. ना तिचा एक्सरे, ना त्याच्या नराचा.

नऊ पिल्लं झाली. मे महिना, घराच्या मागच्या खोलीत कूलर, आणि नागपूरचं ऊन तुम्हाला माहीत आहे. तीन पहिल्या आठवड्यात गेली. ती स्वतःच अजून पोर होती, पिल्लांजवळ बसायची आणि उठून माझ्या मागे यायची. उरलेली मी पस्तीस-चाळीस दिवसांत वाटून टाकली, कारण घरात वास आणि गोंगाट सहन होत नव्हता. चौघांकडून पैसे घेतले, दोन मित्रांना दिली. कोणाच्याच घरी मी जाऊन बघितलं नाही.

त्यातलं एक दीड वर्षाचं होऊन परत आलं. मागचे पाय सशासारखे जोडीने उचलायचं. हिप डिस्प्लेशिया. एक्सरेत खुब्याच्या वाटीत गोळा जेमतेम टेकलेला दिसत होता. मग आमच्या मादीचाही एक्सरे काढला, तिचंही तेच, फक्त थोडं कमी. म्हणजे ते दुखणं मीच पुढे पाठवलं होतं. ते पिल्लू, आता सात वर्षांचं आहे, माझ्याकडेच आहे. थंडीत त्याला उठायला मी कमरेखालून टॉवेल धरतो.

पेट्रोल पंपावरचा तो माणूस आणि मी यांत फरक असेल, पण पिल्लाच्या बाजूने पाहिलं तर फार नाही. ज्यांना 'घरचीच आहे, एक वेत घेऊ' असं वाटतंय त्यांनी कृपा करून नसबंदी करून घ्या.

तात्पुरतं_घर | ११ फेब्रुवारी, सकाळी ७:१५

रेशीमबाग दादा, लिहिलंत हे फार मोठं केलंत.

रिंगसाइड | ११ फेब्रुवारी, सकाळी १०:३०

सगळ्यांचा मान राखून एक वेगळी बाजू मांडतो. मी पंधरा वर्षं डॉग शोला जातोय. चांगले ब्रीडर आहेत, थोडे आहेत पण आहेत. मी ज्यांच्याकडून डॉबरमन घेतला ते दोन-तीन वर्षांतून एखादं वेत घेतात, त्याआधी नर-मादीच्या तपासण्या करतात, पिल्लू नवव्या आठवड्याआधी हातात देत नाहीत. मला चार वेळा घरी बोलावलं. करार असा की कुत्रं कुठल्याही वयात सांभाळता आलं नाही तर त्यांनाच परत. माझा कुत्रा गेला तेव्हा ते घरी येऊन बसले होते.

आणि केसीआयच्या (केनेल क्लब ऑफ इंडियाच्या) नोंदणी कागदाबद्दल गैरसमज आहे म्हणून सांगतो. तो कागद आई-बाप आणि वंशावळ सांगतो, तब्येत सांगत नाही. कागद आहे म्हणून आंधळेपणाने घेऊ नका, आणि सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका.

बुटीबोरी_अपडाऊन | ११ फेब्रुवारी, सकाळी १०:५२

रिंगसाइड भाऊ, तुमचा ब्रीडर चांगलाच असन, त्याच्याबद्दल काई म्हणणं नाही. पण पाहा, त्यानंबी तुमाले घरी बोलावलं आन् मायच दाखवली ना?

रिंगसाइड | ११ फेब्रुवारी, सकाळी ११:०४

हो. पहिल्याच भेटीत. आई आणि आजी दोघी होत्या.

कोराडी_रोड | ११ फेब्रुवारी, दुपारी ३:३३

आया दाखवत नाहीत, कारण त्या दाखवण्याच्या अवस्थेत नसतात. मी अशीच एक दत्तक घेतलीय.

शित्झू. 'मालक परदेशी चाललेत, चांगल्या घरी द्यायची आहे' म्हणून मिळाली. वय चार सांगितलं होतं. डॉक्टरांनी दात बघून आठ-नऊ म्हटलं. पोटाचे केस काढले तेव्हा सिझेरियनचे व्रण दिसले, एकावर एक, जुन्या टाक्यांची शिडीच. थनं लोंबलेली. पंजे मऊ, अगदी पिल्लासारखे, कारण ते जमिनीवर चाललेलेच नव्हते. मागच्या पायांची नखं वळून गादीत रुतलेली. आमच्या दारात दोन पायऱ्या आहेत, त्यांच्यापुढे ती चार दिवस नुसती उभी राहिली. पायरी काय असते ते तिला ठाऊक नव्हतं. आंघोळीनंतर मी तिला गच्चीवर कोवळ्या उन्हात ठेवलं, तर डोळे मिटून भिंतीला चिकटून बसली.

पिल्लं देईनाशी झाली की अशांना 'दत्तक' म्हणून काढून टाकतात आणि खर्च आपल्यावर येतो. मला त्याचं दुःख नाही, ती माझ्याकडे आली हे बरंच झालं. पण मला तिचा खरा इतिहास सांगितला असता तर तिच्या गर्भाशयातला पू दोन महिने आधी कळला असता.

आता पायऱ्या चढते. संध्याकाळी सहाला दाराशी जाऊन बसते, मी ऑफिसातून यायच्या वेळेला.

फुटाळ्याची_संध्याकाळ | ११ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:१८

निशिगंधताई, लॅब क्रॉस कशाला शोधताय, गावठी का नको? आमची गावठी अकरा वर्षांची आहे. नागपूरच्या पंचेचाळीस डिग्रीत दुपारी माठाशेजारी पसरते आणि संध्याकाळी टणाटण उड्या मारते. आमच्याच इमारतीत एक हस्की आहे, एप्रिल लागला की त्याचं धापणं वरच्या मजल्यावर ऐकू येतं, बाथरूमच्या फरशीवरून उठत नाही. बर्फात गाडी ओढायला घडलेलं जनावर ते, त्याला इथे आणून विकणाऱ्याला काही वाटत कसं नाही.

पण गावठी घेतानाही एक पाळा. गल्लीत कुत्री व्यालेली दिसली, पिल्लं गोड आहेत म्हणून तीन आठवड्यांचं उचलून आणलं, त्याला मी रेस्क्यू म्हणत नाही. आई जिवंत आहे, पाजतेय, तर दोन महिने तिथेच राहू द्या. तिला पोळी-भात द्या, ऊन-पावसाला आडोसा करून द्या, पिल्लांना जंताचं औषध पाजा. मग एक घ्या आणि आईची नसबंदी करून द्या, नाहीतर सहा महिन्यांनी तीच गल्ली, तीच रड.

निशिगंध | १५ फेब्रुवारी, रात्री ९:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. रेशीमबाग दादांची आणि कोराडी रोड ताईंची पोस्ट मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवली. त्या उठून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

आधी त्या मेसेजचं सांगते. मी फोन करून म्हटलं, पिल्लांची आई बघायला येते. म्हणाला, आई गाडीखाली गेली. कुठे? आधी वाडीला म्हणाला, दोन मिनिटांनी कामठी रोड म्हणाला. सातही पिल्लं व्हिडिओवर दाखवा म्हटलं तर नेट नाही. लेन्सवर फोटो टाकला, त्यातलं पांढऱ्या छातीचं पिल्लू दोन वर्षांपूर्वी इंदूरच्या एका जाहिरातीत 'प्युअर लॅब' म्हणून होतं. तोच स्टीलचा वाडगा, तीच निळी चादर. बिलांचं विचारल्यावर मला ब्लॉक केलं. नवरा शेजारी बसून ऐकत होता. नंतर म्हणाला, गेल्या वेळी आपण एक तरी प्रश्न विचारायला हवा होता. काळा कोट दादांनी सांगितल्याप्रमाणे दोन्ही प्रकरणांची लेखी तक्रार टाइप करून ठेवली आहे, उद्या देणार.

तात्पुरतं घर ताईंनी मेसेज केला आणि आम्ही शनिवारी मानेवाड्याला जाऊन आलो. गावठीच आहे, तपकिरी, एका कानाला टोक आणि दुसरा पडलेला. दहा आठवड्यांची मादी. आई तिथेच होती, जिन्याखाली पोत्यावर पडलेली. कानाला नसबंदीची खूण, टाके भरत आलेले. आम्ही आत शिरलो तेव्हा तिने मान वर केली, पिल्लाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि परत डोकं टेकवलं. मुलगा पिल्लाकडे गेलाच नाही. आईसमोर जाऊन बसला, हात लांबवला आणि तिने वास घेईपर्यंत तसाच थांबला. बुटीबोरी दादा, हे तुमच्यामुळे.

दात मोजले, २८. पुस्तकात दोन स्टिकर आहेत, दवाखान्यात फोन करून बॅच नंबरही जुळवले. शीची तपासणी झाली, जंत निघाले होते, औषधाचा दुसरा डोस बाकी आहे. ताईंनी पिल्लू दिलं नाही. परवा त्या आमच्या घरी आल्या, सासूबाईंशी अर्धा तास बोलल्या, बाल्कनीचे गज हाताने मोजले आणि खालच्या दोन फटींना जाळी लावायला सांगितली. जाळी लागली. डॉक्टर, ब्लीचने दोनदा घर धुतलं. बुंदीचा पट्टा मी देवघराच्या खणात ठेवला होता, तोही काढला.

येत्या रविवारी सकाळी सातला आणायला जायचंय, आधी डॉक्टरांकडे आणि मग घरी. कुंड्या सगळ्या गच्चीवर नेऊन ठेवल्यात. अजून काही राहिलंय का?

जनावरांचा_डॉक्टर | १५ फेब्रुवारी, रात्री १०:०६

दवाखान्यात जमिनीवर ठेवू नका, मांडीवरच असू द्या. सकाळी दूध पाजून निघू नका, गाडी लागते. पुढची लस चौदा आठवड्यांना आणि बारा आठवड्यांनंतर रेबीज, तारखा आजच लिहून ठेवा. बाकी सगळं बरोबर केलंत.

बुटीबोरी_अपडाऊन | १५ फेब्रुवारी, रात्री १०:२१

ताई, निघतानी त्या जिन्याखालचं पोतं हाय ना, त्याचा एक तुकडा मागून घेजा. मायचा वास राह्यते त्याले. पहिले दोन-तीन रात्री तिच्याखाली अंथरजा, रडणार नाही.

तात्पुरतं_घर | १५ फेब्रुवारी, रात्री १०:२५

कापून ठेवलाय. आईच्या पोटाखालचा भाग आहे, न धुता तसाच देते.